भिकूकाकांचं गाऱ्हाणं

आमच्या शेजारचे भिकूकाका गाऱ्हाणं घातल्याशिवाय स्कूटरला किकसुद्धा मारत नाहीत. मोठ्यानं देवाकडे मागायचं आणि प्रत्येक मागणीला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणायचं, हे कोकणात देवळात चालतं. काकांचं कुठेही चालतं; घरी उत्तराला काकू असायच्या. खेड स्टँडवर गाडी लागेना, की घाल गाऱ्हाणं. आणि फलाटावरची अख्खी गर्दी, कंडक्टरसकट, "व्हय म्हाराजा" करते. कुणी गप्प राहिलंच तर काका खेकसतात, "मिठाची गुळनी धरलीस काय तोंडात? उत्तर आल्याबिगर गाराना देवाला पोचत नाय!"

डेपोत मेकॅनिक होते तेव्हाही बंद पडलेल्या गाडीला आधी गाऱ्हाणं, मग पाना. गाडी सुरू व्हायची, हे मात्र मान्य करायला हवं.

मी नोकरीला पुण्यात. गेल्या हिवाळ्यात ऑफिसातले तिघे महिपतगड चढायला म्हणून गावी माझ्याकडे आले. त्यात आमच्या नव्या साहेब, केतकी मॅडम. त्यांच्यावर मला छाप पाडायची होती. तर निघताना काका पिशवीत नारळ घेऊन दारात हजर. "मी पन येतंय. वर देवळात माजा काम हाय."

पायथ्याशीच त्यांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि बूट काढायला लावले. ते महागडे बूट, त्यांच्या हातभर नाड्या!

"बा देवा म्हाराजा! ही पुन्याची पोरां तुज्या पायाशी आलीत. बूट बरे हायत, पायांत दम नाय. सांभाळून घे रे म्हाराजा!"

"हो महाराजा," मॅडम म्हणाल्या.

"हो नाय. व्हय!"

पुढे प्रत्येक विसाव्याला हेच. पुन्हा नाड्या, पुन्हा ओळ. मी हसल्यासारखं करत होतो आणि कान तापत होते. एका वळणावर तर काकांनी कहर केला. "ह्या बाय अजून बिनलग्नाच्या हायत. चांगला घोव दाखव रे म्हाराजा!" बाकीचे दोघे दरी दणाणून सोडत "व्हय म्हाराजा!" ओरडले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी काकांना बाजूला घेतलं. "पुरे आता. लाज वाटते मला तुमची."

त्यांनी स्वतःच्या चपलांकडे पाहिलं. "बरा," म्हणाले.

त्यानंतर ते बोललेच नाहीत. पुढचा विसावा आला, तरी देवाचं नावसुद्धा काढलं नाही. मॅडमनी दोनदा विचारलं, "काका गप्प का झाले?" मी म्हटलं, दमले असतील.

माथ्यावर शंकराचं देऊळ. मंडळी बाहेर डबे उघडून बसली. काका एकटेच आत गेले. मी पाण्याची बाटली घेऊन मागोमाग गेलो. नारळ फुटला होता आणि काका अगदी हळू पुटपुटत होते.

"पोरगा कुवेतला. फोन घेत नाय. आई गेली तवा पन आला नाय. माज्यावरचा राग ऱ्हाऊदे, पन एकदा घरी येऊन जाऊदे रे म्हाराजा."

थांबले. वाट पाहिली. मग आवाज बारीक करून, थेट आमच्या काकूंसारखा, स्वतःच म्हणाले, "व्हय म्हाराजा."

काकू जाऊन वर्ष झालं होतं. मधे एक भिंत, तरी त्या घरात आता उत्तर द्यायला कुणी नाही हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. लाजेनं माझी मान वर होईना.

"काका," मी म्हटलं, "परत घाला. मोठ्यानं."

ते दचकले. चोरी पकडली गेल्यासारखे ओशाळून नारळाचे तुकडे गोळा करू लागले. "नको रे. तुजी मानसां हसतील."

मी बाहेर जाऊन मॅडमना बोलावलं. त्यांनी काही न विचारता डबा ठेवला आणि नाड्या सोडायला घेतल्या. बाकीचे दोघेही आले. आम्ही आपणहून ओळीत उभे राहिलो.

काकांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा..." एवढंच म्हणाले आणि पुढे आवाज फुटेना. ओठ नुसते हलत राहिले.

शेवटी त्यांनी काही मागायच्या आतच आम्ही चौघं ओरडलो, "व्हय म्हाराजा!"