रेंज असेपर्यंतचे शिक्षण

शिक्षणात उत्तराला अनन्यसाधारण महत्त्व असते. ते कुठून आले याची चौकशी करणे सभ्यपणाचे मानले जात नाही.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका लहान शाळेचे मुख्याध्यापक (आणि एकमेव शिक्षक) उमेंद्र गुरुजी यांना हे आधीपासून ठाऊक होते. दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकांत ते दरवर्षी प्रॉम्प्टर असत. राजाला एकही वाक्य पाठ नसले तरी राज्य चालते, हे त्यांनी पडद्याआडून पाहिले होते. त्यामुळे शाळाशाळांत कृत्रिम बुद्धिमत्तेचे टॅब आले तेव्हा इतर शिक्षक गांगरले. गुरुजींनी मात्र त्याला बघताक्षणी ओळखले. हा आपल्याच धंद्यातला.

फायदे लगेच दिसले. टॅब चिडत नसे, तंबाखूचा खर्रा खात नसे, निवडणुकीच्या कामाला जात नसे. मुलांची अचूकता शंभर टक्क्यांवर गेली (गुरुजींची साठावर टिकून राहिली). धोका एकच नोंदवला गेला: रेंज.

मुले कमी म्हणून शाळा बंद व्हायची होती. गुणवत्ता दिसली तर वाचेल, असे वरून कळले आणि तपासणीला साहेब आले. गुरुजींनी टॅब टेबलाखाली ठेवून सातवीतल्या प्रियाच्या कानात, वेणीआड, इअरफोन बसवला. साहेबांनी मोबाइल काढून त्यातले प्रश्न वाचायला घेतले. प्रिया धडाधड उत्तरे देऊ लागली. (दोन यंत्रांत इतका मोकळा संवाद त्या गावात प्रथमच होत असावा.) गुरुजींना भरून आले.

मग रेंज गेली. साहेब अर्ध्या वाक्यावर थांबले. प्रियाने थोडी वाट पाहिली.

"तुमचीबी गेली का जी?" तिने विचारले.

साहेब ओशाळले. काहीतरी विचारायचे म्हणून, शाळा बंद झाली तर काय करशील, असे त्यांनी स्वतःच्या डोक्याने विचारले.

"घरीच राहीन. बाबा दुसऱ्या गावाले धाडत नाही," प्रिया म्हणाली. "शाळा राहू द्या ना जी."

एवढे खरे उत्तर त्या वर्गात वर्षभरात कोणी दिले नव्हते. साहेबांचे डोळे पाणावले, पण हे उत्तर अहवालाच्या कोणत्या रकान्यात भरायचे ते त्यांना कळेना. रेंज आल्यावर त्यांनी मोबाइललाच विचारले. त्याने अख्खा अहवाल लिहून दिला: विद्यार्थिनी विषय सोडून बोलते, शाळा मोठ्या गावच्या शाळेत विलीन करावी, तिथे रेंज उत्तम आहे.

साहेबांनी सही केली. प्रिया आता शेळ्या राखते. ती समोरून येताना दिसली की गुरुजी रस्ता बदलतात.

तुम्हांला वाईट वाटले असेल. वाटायलाच हवे. चार ओळी लिहून कुठेतरी कळवावे, असेही मनात आले असेल. शब्द सुचत नसतील तर मोबाइल हातातच आहे. त्याला सांगा, हळहळ फार छान लिहून देतो.