मलमपट्टीचा नेम

रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर फाशांनी खेळायचं अंतराळयुद्ध असतं, प्रत्येकाचं त्यात एक पात्र. खेळ चालवतात आमचे दातांचे डॉक्टर, म्हणजे परग्रहावरचे राक्षस आणि नियमपुस्तक दोन्ही त्यांच्या ताब्यात. माझा दादा व्यवसायाने वकील, खेळात सैनिक. मी यंत्रमानव. वहिनी वैमानिक. ही वैमानिक तिने वर्षानुवर्षं जपून वाढवली होती, आणि त्या रविवारी ती यानाच्या दारात जखमी होऊन पडली. फेरी संपायच्या आत मलमपट्टी झाली नाही, तर ती मरणार होती.

"अहो, पट्टी बांधा ना," वहिनी म्हणाली.

अडचण किरकोळ होती. दादाच्या किरणतोफेला दोन्ही हात लागत, त्यामुळे मलमपट्टीची पेटी धरायला हात उरत नव्हता. तोफ खाली ठेवली असती तर प्रश्न मिटला असता. पण ती त्याने नुकतीच मिळवली होती, आणि खाली ठेवलेलं शस्त्र बेवारस समजावं असा नियम होता. माझी बॅटरी मागच्याच लढाईत संपलेली, त्यामुळे मला फक्त मत देता येत होतं.

दादाने पुस्तक मागून घेतलं. "शस्त्राला जोडलेली वस्तू शस्त्राचाच भाग धरावी," त्याने वाचून दाखवलं. "मी पेटी तोफेला चिकटपट्टीने बांधतो. हात दोनच लागले."

डॉक्टरांनी विचार केला. "मान्य. पण मग पेटीही शस्त्रच झाली. पट्टी बांधायची तर वैमानिकावर हल्ला करावा लागेल. टाका फासे."

नेम अचूक बसला, पण वैमानिकाच्या चिलखताने पट्टी परतवून लावली. चिलखत ज्याचं त्यानेच काढायचं असतं, आणि ती तर बेशुद्ध होती.

"असला नियम केला तरी कशाला?" वहिनीने विचारलं.

"तुमच्या सुरक्षिततेसाठीच," डॉक्टर म्हणाले.

मग तोडगा मी काढला, आणि त्याचा मला अजून अभिमान आहे. वैमानिकालाच तोफेला बांधावं. जोडलेली वस्तू शस्त्राचा भाग. शस्त्राला रक्त नसतं. सबब रक्तस्राव थांबला. डॉक्टरांनी उठून माझी पाठ थोपटली. वहिनीने खुशीत आपले फासे उचलले.

"थांबा," डॉक्टर म्हणाले. "उपकरणाला डाव नसतो."

"म्हणजे मी जिवंत आहे, पण खेळायचं नाही?"

"तुला काही करावंच लागणार नाही," दादाने समजूत घातली. "मी घेऊन फिरेन ना तुला."

तेवढ्यात नवा पेच निघाला. तोफेचं वजन मर्यादेबाहेर गेलं होतं. वैमानिक बुटांसकट मोजायची की बुटांशिवाय? बूट तिला जोडलेले, ती तोफेला जोडलेली, म्हणजे बूट तोफेचे. दादाचं म्हणणं, तोफेला बूट आहेत तर तिने आपलं वजन आपणच पेलावं. डॉक्टरांना हे पटेना. बाहेरचं दार वाजलं. डावा बूट मोजावा आणि उजवा सोडून द्यावा, असा मध्यममार्ग मी सुचवला. बऱ्याच वादावादीनंतर ठरलं की दोन्ही बूट उतरवावेत, मात्र त्याला खेळाडूची तोंडी संमती हवी.

संमती घ्यायला आम्ही वळलो. वहिनीची खुर्ची रिकामी होती. तिचे फासेही नव्हते.

"कधी गेली?" दादाने विचारलं.

आम्हा कुणालाच सांगता येईना. आणि तुम्ही हसू नका. बाहेरचं दार वाजलं, तेव्हा तुम्हीही बूटच मोजत होतात.