आबांची पाळत

आमचे घरमालक आबा दूध प्यायचे ते गंगावेशीतल्या कट्ट्यावर, म्हशीच्या शेजारी उभं राहून. आता कोल्हापुरात यात विशेष काही नाही, तिथे कितीतरी लोक असंच धारोष्ण दूध पितात. पण गवळी धार काढायला बसला की आबा आधी विचारायचे, "म्हशीला पाणी कवा पाजलंस?" गवळी म्हणायचा, "आत्ताच की." मग आबा पुढे केलेला पेला मागे घ्यायचे. "थांब तर मग. पाणी मुरू दे तिच्यात." डोळ्यांदेखत आचळातून पेल्यात पडणाऱ्या दुधातही पाण्याचा संशय घेणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

"ह्यात कायतरी हाय" हे त्यांचं पालुपद. पोस्टमन वेळेआधी आला, ह्यात कायतरी हाय. शेजारच्याने आपणहून नमस्कार केला, ह्यात कायतरी हाय. गल्लीतलं कुत्रं न भुंकता निघून गेलं तरी आबा त्याच्या पाठमोऱ्या शेपटीकडे बघत तेच म्हणायचे. ते 'कायतरी' म्हणजे नेमकं काय, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. माझी खात्री आहे, त्यांनाही ते ठाऊक नव्हतं.

मंगळवार पेठेत त्यांची जळणाची वखार होती. संध्याकाळी वखारीला कुलूप लावलं की ओढून बघायचं, कोपऱ्यापर्यंत जायचं, परत येऊन पुन्हा ओढायचं. एकदा मी सोबत होतो तर मलाही ओढायला लावलं, आणि मी कुलूप ओढतोय तोवर माझ्याकडेच संशयाने बघत राहिले. उंचेपुरे, पिळदार मिशांचे, डोक्याला गुलाबी फेटा, आणि पायात अशा कोल्हापुरी चपला की मालक गल्लीच्या तोंडाशी असतानाच त्यांचा करकर आवाज घरात पोचायचा.

ही सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. मी नाशिकचा. कोल्हापुरातल्या एका शाळेत मास्तर म्हणून लागलो, त्याच महिन्यात लग्न झालं, आणि कुसुमला घेऊन मी बिऱ्हाड शोधत फिरू लागलो. खोल्या मिळेनात. शेवटी आबांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्याचं कळलं. आधीचा बिऱ्हाडकरू फार हसतो म्हणून त्याला काढला होता. आम्ही दोघं आबांच्या समोर जाऊन बसलो आणि अजिबात हसलो नाही.

"पावणं, नाशिक सोडून हितं कशाला आलासा?"

"नोकरी लागली."

"नाशकात शाळा न्हाईत व्हय?" मग कुसुमकडे एक नजर टाकून, "लगीन झालंय?"

"झालंय की."

"फोटू बघू."

फोटो नव्हता. नाशिकच्या फोटोग्राफरने तो अजून पाठवलाच नव्हता. हे ऐकल्यावर आबांच्या मिशांची टोकं हळूच वर गेली. "ह्यात कायतरी हाय," ते म्हणाले. "ऱ्हावा. पर फोटू आल्याबिगर मी काय मानायचा न्हाय. आनि तसलं काय निगालं, तर त्याच दिशी भांडीकुंडी भायेर."

तेव्हापासून आमच्या संसारावर पाळत सुरू झाली. मी कुसुमला हाक मारली की मागच्या सोप्यातली करकर थांबायची. आम्ही जरा मोठ्याने बोललो की लगेच आबा काहीतरी मागायच्या निमित्ताने दारात. त्यांच्या पत्नी, आक्का, फार मवाळ बाई. त्या पदर सावरत म्हणायच्या, "मनावर घेऊ नगा. माझ्याकडं सुदीक असंच बगत्यात." आबांची आई वर्षभरापूर्वी वारली होती, दोन्ही मुली लग्न होऊन मलकापूरला दिलेल्या. एवढ्या घरात ही दोघंच, आणि आबा कुठे निघाले की आक्का दहा पावलं मागे. देवळात, बाजारात, नातेवाइकांकडे, कुठेही जाताना अंतर तेवढंच.

पोळपाटावरून पोळी काढताना कुसुम एकदा चिडून म्हणाली, "आपण खरंच नवरा-बायको आहोत ना, याचा मलाच संशय यायला लागलाय."

म्हणून एका रविवारी आम्ही ठरवलं, दिवसभर घराबाहेर राहायचं. तिने अजून कोल्हापूर नीट पाहिलंच नव्हतं. सकाळी लवकर निघालो. सोप्यात आबा दाढी करत बसले होते. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून त्यांनी विचारलं, "कुटं?"

"गाव बघायला."

"दोगं बी?"

"हो."

"संगं?"

मी हो म्हटलं. आबांनी वस्तरा खाली ठेवला.

अंबाबाईच्या देवळात दर्शन घेऊन बाहेर आलो. दगडी खांबांच्या गारव्यात जरा टेकलो. कुसुम वरची कोरीव छतं बघत होती, एवढ्यात मागून कुणीतरी बघतंय असं मला वाटलं. वळून पाहिलं तर खांबाआड अर्धा गुलाबी फेटा. लपलेल्या माणसाने फेटा बांधू नये, एवढी साधी गोष्ट या माणसाला कळत नव्हती. मी कुसुमला काही बोललो नाही.

भवानी मंडपात गर्दी होती. चुकामूक नको म्हणून मी तिच्या बरोबरीने चालत होतो. चपला पायात आल्याबरोबर मागे ओळखीची करकर सुरू झाली होती. आम्ही थांबलो की ती थांबायची, आम्ही निघालो की निघायची. मग आम्ही मिसळ खायला एका हॉटेलात शिरलो. नाशिकची मिसळ खाल्लेली कुसुम मोठ्या ऐटीत कट ओतून घेऊ लागली आणि पहिल्याच घासाला तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मी हसत हसत तिला माझा रुमाल दिला. तेवढ्यात समोरच्या भिंतीवरच्या आरशात माझं लक्ष गेलं. आमच्याकडे पाठ करून बसलेले आबा त्याच आरशातून आमच्याकडे टक लावून बघत होते. नजरानजर झाल्याबरोबर त्यांनी अख्खा पाव तोंडात कोंबला.

आता मला राग आला. भीतीही वाटली. हा माणूस आज काहीतरी पुरावा गोळा करणार आणि उद्या आमची भांडी रस्त्यावर. शाळेत काय सांगायचं? नाशिकला काय कळवायचं? पुढचा सगळा दिवस माझी मान मागेच वळलेली. रस्त्यात कुसुम काय काय दाखवत होती, त्यातलं मला काही दिसलं नाही.

उन्हं उतरल्यावर रंकाळ्यावर गेलो. तळ्याच्या काठाला कठड्यावर बसलो. पाण्यावर सुरेख वारा होता, शालिनी पॅलेसची सावली पाण्यात हलत होती. कुसुम म्हणाली, "किती छान आहे ना?"

मी म्हणालो, "हं," आणि मागे बघितलं. भेळेच्या गाडीआड गुलाबी फेटा.

"तुम्ही कुणाबरोबर आलाय?" कुसुम म्हणाली. "माझ्याबरोबर की त्या आबांबरोबर?" म्हणजे तिनेही पाहिलं होतं! आणि मी तिच्यापासून लपवलं म्हणून ती जी रुसली, ती तोंड फिरवून पाण्याकडे बघत बसली. मी समजूत घालून बघितली, उपयोग झाला नाही. शेवटी उठून भडंगाचा पुडा आणला. तिने हात पुढे केला नाही. मग गजरा आणला. तो बघून हळूच वळली, आणि मग हसली. आम्ही तिथेच भडंग खाल्लं. परतताना सबंध वाटेने मागे करकर होती, पण आम्ही वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो तर निरोप, आबांनी बोलावलंय. कुसुमने ट्रंक उघडून ठेवली. मी मनाची तयारी करून सोप्यात गेलो. आबा लोडाला टेकून बसले होते. आसपास कुणी नाही याची खात्री करून घेऊन त्यांनी आवाज खाली आणला.

"देवळातनं भायेर पडल्यावर तुमी बाईंच्या बरोबरीनं चाललासा. म्होरं का न्हाय गेलासा?"

"गर्दीत चुकामूक होते, आबा."

"हं. आनि तळ्यावर बाईंनी त्वांड का फिरीवलं?"

तुमच्यामुळे, असं म्हणायची माझी छाती नव्हती. "रुसली होती जराशी."

"मग परत कशी वळली?"

"भडंग आणलं. गजरा आणला."

आबा पुढे सरकले. "आदी भडंग, का आदी गजरा?"

वकीलसुद्धा इतकं खोदून विचारत नाही. "आधी भडंग," मी म्हणालो. आबांनी डोळे मिटले, ओठ जरासे हलवले. मग म्हणाले, "जावा." घरातून काढल्याचं एक अक्षर बोलले नाहीत. मी खोलीत येऊन कुसुमला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ह्यात कायतरी हाय." आता आम्हीही त्यांच्यासारखेच झालो होतो.

त्याच आठवड्यात नाशिकहून लग्नाचा फोटो आला. पाकीट फोडून मी तसाच धावत सोप्यात गेलो. मुंडावळ्या, अंतरपाट, भटजी, सगळं त्यात स्वच्छ दिसत होतं. आबांनी फोटोकडे ढुंकून बघितलं नाही. "ऱ्हाऊ द्या वो त्ये," म्हणाले. "त्या भडंगात कांदा घातलावता का न्हवता?" मला रात्रभर झोप नीट लागली नाही.

पुढच्या रविवारी सकाळी आबा आमच्या दारात उभे. धुतलेलं धोतर, नवा फेटा. मागे आक्का, लग्नाकार्यात नेसायचं जरीचं लुगडं नेसून आणि चेहरा पार बावरलेला. आबांनी माझ्या हातात घराची किल्ली ठेवली. सख्ख्या जावयाच्या हातात न दिलेली किल्ली. कुलूप ओढून बघितलं का, हेही विचारलं नाही.

"कुठे निघालात, आबा?"

"गाव बगायला," आबा गुरकावले आणि चालू लागले. दहा पावलं गेले, थबकले, मागे आक्कांकडे बघितलं आणि त्या येईपर्यंत उभे राहिले. मग दोघं बरोबरीने गेली. त्या करकर आवाजाशेजारी जोडव्यांचा बारीक आवाज मी तोवर कधी ऐकला नव्हता. कुसुम दारात उभी राहून बघत होती. तिच्या आधी लक्षात आलं. "अहो," ती म्हणाली, "ते आपल्यावर पाळत नव्हते ठेवत. ते शिकत होते."

मी दिवसभर किल्ली मुठीत धरून सोप्यात बसलो. संध्याकाळी दोघं परतली. आक्कांच्या अंबाड्यावर गजरा होता, डोळे लाल होते. आबांचा फेटा कसाबसा गुंडाळलेला, एरवी मानेवर रुळणारा शेमला गायब. मी दिवस कसा गेला विचारलं, तर किल्ली घेऊन ते तडक हातपाय धुवायला मागे गेले. आक्का आमच्या स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसल्या. कुसुमने पाणी दिलं, मी उंबऱ्यापाशी टेकलो.

"तळं काय बगितलं न्हाय व्हय मी?" त्या आपल्याशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "हितं नांदाय आल्यापास्नं बगतोय. पर बसून न्हवतं बगितलं. सासूबाई हुत्या तवर ह्यांच्या शेजारी बसायची काय बिशाद? आनि त्या गेल्यावर ह्यांनाच कसं बसायचं म्हाईत न्हाय."

"मग आज बसलात?" कुसुमने विचारलं.

"बसलो की. बसल्या बसल्या म्हणालं, आता त्वांड फिरीव. म्या म्हटलं, का वो? तर म्हणालं, फिरवायचं असतंय, मास्तरांच्यात बगितलंय मी. म्हणून फिरीवलं." कुसुम खुदकन हसली. आक्काही हसल्या, पण पदर डोळ्यांना लागला. "मागनं म्हणायला लागलं, भडंग आणलंय, वळ की. मग म्हणालं, गजरा आणलाय, आता तरी वळ. मला काय वळायचं हुईना. पाणीच थांबंना डोळ्यातलं. ह्यांना वाटलं, खरंच रुसली. लई घाबरलं बग. म्हणालं, कुटं चुकलं गं माझं? रुमाल हुडकाय लागलं. ह्यांच्याजवळ कवा रुमाल असतोय? मग शेमला वढला डोळं पुसाय, तर सगळा फेटाच सुटला. चारचौघांत बोडक्यानं बसलं हुतं माझ्याम्होरं."

मला माझ्या त्या रविवारची आठवण झाली. शेजारी बायको बसलेली असताना मी सगळा वेळ मागेच बघत होतो, आणि माझ्याकडून हा माणूस शेजारी बसायचं शिकून गेला, याची मला लाज वाटली आणि त्याहून जास्त त्याच्याबद्दल माया वाटली.

मागच्या अंगणात पाण्याचा आवाज थांबला. करकर जवळ आली आणि दाराबाहेर थबकली. आबा आत आले नाहीत. तिथूनच, नेहमीच्या खड्या आवाजात म्हणाले,

"मास्तर, हा रविवार आठवड्यातनं एकदाच का येतोय वो? ह्यात कायतरी हाय."