साखरबाईचा काटा

मालनबाईंनी कोंडिबाकडून किलोभर गवार घेतली, शेजारच्या आपल्या दुकानावर गेल्या आणि सहज म्हणून ती आपल्या इलेक्ट्रिक काट्यावर ठेवली. आठशे ग्रॅम. त्यांनी पिशवी उचलून पुन्हा ठेवली. पुन्हा आठशे.

तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात कोंडिबाला बसायला लागून चार महिने झाले होते. त्याआधी ही जागा त्याच्या बायकोची, साखरबाईची होती. ती गेली, तेव्हा जागा, गोणपाट आणि लोखंडी तराजू त्याच्याकडे आला.

"कोंडिबा, दोनशे कमी हाय."

"तुमच्या काट्याचा सेल उतरला आसंल."

आणखी दोन दुकानांच्या काट्यांवर पिशवी फिरली. सगळीकडे आठशे. कोंडिबाने पारडी रिकामी करून तराजू उचलला. काटा मधोमध सरळ.

"बघा की. ट्रॅक्टर मागं घेताना माझ्याच हातनं दांडी मोडली व्हती. मीच शिक्रापूरला नेऊन वेल्डिंग मारून आणली. बारा वर्षं झाली."

मच्छिंद्र नावाचं जुनं गिऱ्हाईक पुढं आलं. त्याने दांडीवर बोटं ठेवून मोजलं.

"आबा, डावीकडं धा बोटं भरत्यात, उजवीकडं आठच."

"मोडताना एक तुकडा गेला व्हता. पन रिकामा सरळ ऱ्हावा म्हनून मी उजव्या पारड्याला नट अडकवलाय ना."

"मग रिकामाच सरळ ऱ्हाणार. भरल्यावर कसा ऱ्हाईल?"

कोंडिबाने तराजू खाली ठेवला. चार महिने तो वजन उजवीकडे आणि माल डावीकडे टाकत होता. किलोला आठशे.

"ज्याला ज्याला कमी गेलंय, त्यानं घेऊन जावा," तो म्हणाला.

रांग लागली. कोंडिबाने दोन-दोन मुठी वाटायला सुरुवात केली. रांगेत गवार न खाणारेही होते. एक जण तर दौंडहून पाहुणा आलेला, तळेगावात पहिल्यांदाच पाय ठेवलेला. पोतं निम्म्यावर आलं, तेव्हा मालनबाई म्हणाल्या, "तुमचं चार महिन्यांचं झालं. साखरबाईच्या बारा वर्षांचं काय? ती बी ह्याच काट्यावर खात व्हती की लोकांचं."

कोंडिबाचा हात पोत्यातच थांबला. त्याला स्वतःला चोर म्हटलं असतं, तर त्याने ऐकून घेतलं असतं.

"तिचं नाव घिऊ नका," तो म्हणाला.

एवढ्यात त्याची सून नीलम डबा घेऊन आली. ती शिक्रापूरला क्लासमध्ये गणित शिकवायची. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, "मामा, आत्या तोलायच्या कशा?"

उत्तर मच्छिंद्रने दिलं. "आधी अर्धं ह्या पारड्यात तोलायची, मग वजन हिकडं आनून अर्धं त्या पारड्यात. आम्ही म्हनायचो, बाईला उगा खटाटोप."

"मीबी तसंच म्हनायचो," कोंडिबा म्हणाला. "म्हनून तर मी ते सोडलं."

नीलमने अर्धा किलो डावीकडे तोलला. शेजारच्या काट्यावर चारशे भरला. मग वजन डावीकडे ठेवून अर्धा किलो उजवीकडे तोलला. सहाशे पंचवीस. दोन्ही मिळून एक किलो पंचवीस ग्रॅम.

"आत्या जास्तच देत होत्या."

"आज तेवढं आलं आसंल," मालनबाई म्हणाल्या. "दरवेळी कशावरून?"

नीलमने खडू काढला आणि टोमॅटोच्या क्रेटवर लिहिलं. एक बाजू दुसरीच्या क्ष पट. एकदा माल क्ष पट जाणार, एकदा एक भागिले क्ष. दोन्ही अर्ध्यांच्या बेरजेतून खऱ्या मापाचे दोन वजा केले, तर उरतो क्ष वजा एकचा वर्ग, भागिले क्ष.

"आणि वर्ग कधी शून्याच्या खाली जात नाही. म्हणजे बेरीज दोनापेक्षा कमी येऊच शकत नाही."

"डावीऐवजी उजवी बाजू लांब आसती तर?" मालनबाईंनी विचारलं.

"तरी जास्तच."

"जरा कमी वाकडा आसता तर?"

"तरी थोडं जास्तच."

"मग बराबर कवा?"

"दोन्ही बाजू सारख्या असतील तरच."

मालनबाई क्रेटकडे बघत राहिल्या. दौंडच्या पाहुण्याने आपल्या दोन मुठी हळूच पोत्यात परत टाकल्या.

कोंडिबाने वेल्डिंगच्या गाठीवरून अंगठा फिरवला. "तिला ठावं व्हतं व्हय गं, दांडी वाकडी हाय ते?"

"होतं, मामा. मी एकदा नवा काटा आणू म्हटलं. तर म्हणाल्या, ह्यांनी येवढ्या हौसेनं जोडून आणलाय. त्यांना काय सांगू नगंस. का, ते मला आज कळलं."

कोंडिबाने डोक्याची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"आबा, नवा काटा आणू नका," मच्छिंद्र म्हणाला. "आमाला ह्याच खोट्या काट्यावर द्या. साखरबाईंवानी, दोन्हीकडनं."

रांग पुन्हा लागली, आता विकत घ्यायला. कोंडिबा अर्धं डावीकडे, अर्धं उजवीकडे तोलू लागला. सगळ्यात शेवटी मालनबाईंची पिशवी पुढं आली.

"मलाबी किलोभर द्या. दोन्हीकडनं."

"नगं," कोंडिबा म्हणाला. "तुमचा तुमच्या काट्यावर तोला."

त्यांनी तोलला. बरोबर एक किलो भरला. एक शेंग जास्त नाही.