दारोदारी माझा फोटो

मंडळी, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी मी मोबाइल असा वठणीवर आणला, की एकेचाळीस वर्षांच्या मास्तरकीत एकही द्वाड पोर तसं आलं नव्हतं! फोटो पाठवणं, आवाज रेकॉर्ड करणं, क्यूआर कोड बनवणं, सगळं तीन आठवड्यांत! "शिकवणाऱ्यानं शिकायला घाबरू नये," असं मी बायकोला, वेनेताला, ऐकवलंसुद्धा.

"घाबरू नकोस, मेतोदी," ती म्हणाली, "पण आधी चष्मा लाव. मोबाइल उलटा धरलायस."

हा सगळा खटाटोप पर्यटकांपायी. आमच्या प्लोवदिव शहराच्या जुन्या भागात पूर्वी पाहुणे वाट चुकायचे आणि चुकत चुकत आमच्या गल्लीत यायचे. पाणी मागायचे, ओट्यावर टेकायचे, चार गोष्टी ऐकायचे. आता कोण चुकतं? प्रत्येकाच्या हातात मोबाइल आणि त्यात एक निळा ठिपका. ठिपका नेईल तिकडे माणूस, दाव्याला बांधलेल्या बकरीसारखा! बेकरीच्या कोपऱ्यावर सगळे डावीकडे वळतात, एकाच भिंतीसमोर एकसारखे फोटो काढतात आणि टेकडी उतरून जातात. उजवीकडे आमची गल्ली आहे, हे ठिपक्याला ठाऊकच नाही.

या गल्लीतल्या वाचनालयात दर शनिवारी मी मुलांना शिकवतो. अकरा मुलं आणि मी, आम्ही मिळून गल्लीच्या गोष्टी रेकॉर्ड केल्या. मी वाट दाखवायची, मुलांनी गोष्टी सांगायच्या. शहरातल्या पायी फेऱ्यांचं एक ॲप चालवणारी झोर्नित्सा नावाची मुलगी म्हणाली, "आजोबा, शनिवारी दुपारी बारापर्यंत शंभर जणांनी ऐकलं, तर तुमची गल्ली नकाशावर घेते. नाहीतर ती जागा दुसऱ्या गल्लीला जाईल."

मी मुलांना सांगून टाकलं, "तुमचा आवाज जपानपर्यंत जाणार!"

सात वर्षांच्या राल्यित्सानं लगेच विचारलं, "आणि नाही गेला तर?"

"मास्तर कधी खोटं बोलतो का गं?"

बोलून तर बसलो! आता शंभर माणसं आणायची कुठून? मी डोकं लढवलं. कोडचे कागद छापून दारोदारी चिकटवायचे. उठून छपाईच्या दुकानात जाणं हे जुन्या काळचं काम, म्हणून मी दुकानदार झ्लातानला ईमेल केला. सोबत माझा सुटाबुटातला गंभीर फोटो, कोड आणि मजकूर: 'मेतोदी काराबाशेव. एकेचाळीस वर्षं त्यांनी या गल्लीतल्या मुलांना शिकवलं. आता ते सदैव आपल्या सोबत आहेत. त्यांचा आवाज ऐका.' खाली लिहिलं, 'नेहमीच्या पद्धतीनं, शोभेलसं छाप. गल्लीभर चिकटवायचं कामही तुझ्याकडेच.'

मग मी निर्धास्त मनानं वेनेताबरोबर मेव्हण्याच्या गावी आलुबुखार उतरवायला गेलो. मोबाइल घरीच चार्जिंगला लावला होता. शिकवलेल्या पोराला थोडी विश्रांती नको?

शनिवारी अकराच्या सुमारास परत आलो. वेनेता पुढे, दोन टोपल्या घेऊन मी मागे. कोपऱ्यावर शेजारच्या स्तोइमेंका काकू भेटल्या. काळा रुमाल, हातात पांढरी फुलं, बरोब्बर सहा. आमच्याकडे जिवंत माणसाला फुलं विषम संख्येत देतात. सम म्हणजे थेट स्मशानातच.

"काकू, कोण गेलं हो?" वेनेतानं विचारलं.

काकूंनी तिच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. "पोरी, तुझा नवरा गं! इतका चांगला माणूस! गेल्याच महिन्यात मी त्याला चिक्कू म्हटलं, तोंडावर!"

"माझा नवरा? तो हा काय, मागून टोपल्या आणतोय."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. फुलं वर उडाली, काकू खाली बसल्या.

तेव्हा कुठे माझं लक्ष दारांकडे गेलं. प्रत्येक दारावर, खांबावर, झाडावर मी! जाड काळ्या चौकटीत! आमच्या गावात माणूस गेला की त्याच्या फोटोचा कागद असाच लावतात आणि झ्लातानचं निम्मं दुकान त्यावरच चालतं. त्याची नेहमीची पद्धत म्हणजे ही पद्धत! एवढं मला सुचू नये? दुसऱ्यांची गणितं तपासण्यात आयुष्य गेलं माझं!

घराच्या अंगणात तर जत्रा. एकेचाळीस वर्षांतले माजी विद्यार्थी जमलेले. मधोमध टेबलावर उकडलेल्या गव्हाचा साखर-अक्रोड घातलेला डोंगर, मृतात्म्यासाठी. प्रत्येकाच्या कानाला मोबाइल आणि प्रत्येक मोबाइलमधून, पुढेमागे, माझाच आवाज: "घाबरू नका... मी तुमच्या मागेच आहे... पाय जपून टाका... आता हळूच वळून बघा..."

शाळेत कायम मागच्या बाकावर बसणारा, आता खाटीक झालेला क्रस्त्यो हळूच वळला.

मी दारात उभा होतो.

क्रस्त्यो एकशे दहा किलोचा आहे. तो गव्हाच्या डोंगरात पडला तेव्हा अक्रोड गच्चीपर्यंत उडाले!

"शांत बसा!" मी सवयीनं ओरडलो. सगळेच्या सगळे ताठ उभे राहिले. एकानं तर बोटही वर केलं.

तेवढ्यात मुलं धावत आली. राल्यित्सा फणफणली, "आम्ही सगळ्यांना सांगत होतो, मास्तर गावाला गेलेत! पण सगळे आमच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणतात, हो गं बाळा, लांबच्या गावाला!"

झ्लातान घाम पुसत पुढे आला. "मास्तर, माफ करा! मी तर रडत रडत छापलं हो. तुम्ही गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी लावायचा कागदही तयार करून ठेवलाय."

"ठेव जपून," वेनेता म्हणाली. "तो मोबाइल परत हातात घेतला, तर लागेलच."

मग असा हशा पिकला, की कुणाला घड्याळाचं भान राहिलं नाही. बाराला दोन मिनिटं कमी असताना झोर्नित्सा आली, डोळे लाल.

"तीनशे बारा!" ती म्हणाली. "इतक्या जणांनी ऐकलं! आणि एकानंही मधे सोडलं नाही! तुमची गल्ली नकाशावर आली... पण तुम्ही... म्हणजे तुम्ही त्यांचे भाऊ का?"

"मीच तो!"

तिनं घाईघाईनं मोबाइल चाळला. मग हळूच म्हणाली, "आजोबा, मी गल्ली स्मृतिस्थळांच्या यादीत टाकलीय. बदलायची तर सगळं पहिल्यापासून. आकडा शून्यावर येईल आणि जागा हातची जाईल. यादी पुन्हा उघडते ती वसंत ऋतूत."

अकरा तोंडं माझ्याकडे वळली. राल्यित्सानं तर माझी बाही पकडली.

काय करता! "असू दे," मी म्हणालो. "एक हिवाळा मी मेलेला चालेन."

आता निळा ठिपका रोज आमच्या गल्लीत वळतो. पाहुणे टोप्या काढून येतात, सम संख्येनं फुलं ठेवतात, मुलांच्या गोष्टी ऐकून डोळे पुसतात. गेल्या मंगळवारी खरोखरच ओसाकाहून एक जोडपं आलं! मुलांनी अंगणात उड्या मारल्या. मलाही राहवलं नाही. मी पुढे होऊन त्यांना गल्लीतल्या जुन्या विहिरीची गोष्ट नीट समजावून सांगू लागलो. तर त्या बाईंनी ओठांवर बोट ठेवलं, मोबाइलकडे खूण केली आणि अदबीनं मला बाजूला सारलं.

संध्याकाळी ॲपवर त्यांचा अभिप्राय आला: "पाचपैकी चार तारे. दिवंगत मास्तरांचं सांगणं अप्रतिम. फक्त दारातल्या म्हाताऱ्या रखवालदाराला गप्प बसवा."