रावसाहेबांचं दुखणं

तात्यांच्या घरात शिरायचं तर आधी पडवीच्या पायरीवर उभं राहावं लागे, रावसाहेब दोन्ही डोळ्यांनी बघेपर्यंत. एका डोळ्यानं बघितलेलं तात्या धरत नसत.

"एक डोळा तुमच्यावर आहे, मास्तर. दुसरा अजून मागं आहे. थांबा जरा."

मागं म्हणजे माझ्या मागं. मी वळून बघायचो. सुपारीची झाडं, रिकामी वाट, पलीकडं समुद्राचा आवाज. कुणी नसायचं.

"तुम्हांला नाही दिसायचं," तात्या समजुतीनं म्हणायचे, आणि माझ्या पाठीतून एक बारीक शिरशिरी जायची.

रावसाहेब म्हणजे घोयरा. सरड्याच्याच जातीचा, वीतभर लांब, शेपटीची गुंडाळी करून फांदीला धरून बसणारा. त्याचे दोन डोळे दोन दिशांना फिरतात आणि एक पाऊल टाकायला तो चार वेळा झुलतो. गावात त्याचं नाव काढायचीही चोरी. घोयऱ्यानं टक लावून बघितलं की माणसाचं रक्त आटतं, असं सगळे सांगत. तात्यांनी तो वाडीतून उचलून आणला आणि पडवीतल्या कुंडीतल्या जास्वंदीवर ठेवला, तेव्हापासून त्यांच्याकडे येणंजाणं जवळजवळ थांबलं. उरलो मी एकटा, कारण माझी खोली त्यांच्या भिंतीला भिंत लावून होती.

स्वातंत्र्य मिळून पाचसहा वर्षं झाली होती. हरिहरेश्वरच्या अलीकडच्या त्या गावात शाळामास्तर म्हणून मी नुकताच आलो होतो. तात्या सरकारी देवी टोचणारे. आयुष्यभर तालुक्यातल्या पोरांच्या दंडांवर देवी टोचून सेवानिवृत्त झालेले. नमस्काराऐवजी समोरच्याचा दंड धरून बाही वर सारायचे. "हं, उठलेल्या आहेत छान," म्हणाले की ओळख झाली.

निरीक्षणाची सवय नोकरीतली. "निरीक्षण करा, मास्तर. निष्कर्ष काढू नका," हे त्यांचं पालुपद. रावसाहेब आल्यावर दहा दिवस वाटीतल्या पाण्याकडे ढुंकूनही बघेनात. डोळे खोल गेले, कातडी सुरकुतली. तात्या समोर पाट मांडून बसून राहिले. एका पहाटे पानावरचं दव चाटताना त्यांनी त्याला पकडलं. ठरलं, हा साचलेलं पाणी पीत नाही, गळणारं पितो. त्याच दिवशी देवघरातली महादेवावर थेंब थेंब पाणी धरणारी तांब्याची गळती उतरली आणि जास्वंदीवर टांगली गेली.

देवळातले गुरव ते बघून दारातच बसले. "तात्या, देवाची गळती सरड्यावर?"

"देवाला तहान लागत नाही. ह्याला लागते," तात्या म्हणाले.

सकाळी नाकतोडे धरायला ते धोतर खोचून गवतातून ओणवे फिरत. परत आले की हलक्या आवाजात बोलत. रावसाहेबांना कान नाहीत, पण ऐकू येतं, असं त्यांचं म्हणणं. मात्र ते बोलणं दर वेळी रावसाहेबांशीच असायचं असं नाही. माजघराच्या डाव्या हाताला एक खोली होती, कायम कुलूपबंद. तिच्या दाराशी उभे राहून तात्या दोन शब्द बोलत आणि मग उगाच खाकरत. मी कधी विचारलं नाही.

दिवाळीनंतर रावसाहेब बिघडले. चार दिवस नाकतोड्याला तोंड लावलं नाही. हिरवा रंग गेला, अंग काळपट पडलं, त्यावर पिवळे ठिपके उठले. पोट फुगलं. तात्यांनी अपचन ठरवून गळतीत ओव्याचं पाणी भरलं, तर रावसाहेबांनी तिच्याकडे पाठच फिरवली. जो प्राणी कधी फांदी सोडत नव्हता, तो जमिनीवर उतरून घरभर झुलत चालायला लागला. चालून चालून थांबायचा तो एकाच ठिकाणी, त्या बंद खोलीच्या दाराशी. नखांनी दार खरवडायचा. एक डोळा दारावर, एक तात्यांवर.

तात्या वाळले. रावसाहेबांच्या निरीक्षणाची रोजची नोंदवही लिहिणं बंद झालं.

रविवारी सकाळी भिंतीवर थाप पडली. मी गेलो तर तात्या माजघरात उभे, चेहरा चुन्यासारखा. "मास्तर, आतून येतोय आवाज."

मी कान लावला. बंद खोलीत कुणीतरी माती उकरत होतं. सावकाश, थांबून थांबून.

"रावसाहेब कुठायत?"

"उंबऱ्याखालच्या फटीतून आत गेला. पण तो नुसता जाईल कशाला? त्याला बोलावलं असणार."

निष्कर्ष न काढणारा माणूस हे बोलत होता. मी चावी मागितली. ती त्यांच्या जानव्यालाच होती. कुलूप गंजलेलं, तेल घातल्यावर कसंबसं उघडलं. आत अंधार, कोंदट वास, कोपऱ्यात राखेनं भरलेली शेगडी. जमीन वर्षानुवर्षं सारवलेली नव्हती, माती भुसभुशीत झालेली. मधोमध काळाठिक्कर पडलेला रावसाहेब पुढच्या पायांनी माती मागं फेकत होता. आम्ही दार उघडलं तरी थांबला नाही.

तात्यांनी उंबरा ओलांडला नाही. "तिथंच," ते कसंबसं म्हणाले. "तिची बाज तिथंच होती."

गावात अर्धवट कानावर आलेलं मला तेव्हा कळलं. तात्यांची बायको त्या खोलीत बाळंतपणात गेली होती, सव्वीस वर्षांपूर्वी. मूलही गेलं. त्या दिवशी घातलेलं कुलूप आज निघत होतं.

आमची गडबड शेजारी ऐकू गेली असावी. तिथं बाळंतिणीला न्हाऊ घालायला चांगुणा सुईण आली होती. ती ओल्या हातांनीच अंगणात आली आणि पायरीशी थबकली. गावातली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली, पण या घराच्या वाटेनं ती कधी जात नसे. तात्याही ती दिसली की तोंड फिरवत. त्या बाळंतपणालाही तीच होती.

"मास्तर, काय झालं?"

मी तात्यांकडे बघितलं. त्यांनी तोंड फिरवलं नाही. "ये," म्हणाले. "बघ, हा काय करतोय."

चांगुणा आत आली. उंबऱ्याशी बसून तिनं क्षणभर बघितलं, आणि पदर तोंडाला लावून हसायलाच लागली.

"अवो तात्या, तुमचा रावसाब गाभन हाय!"

"काय?"

"पोट बगा की. येक येक अंडं दिसतंय वरून. मऊ माती हुडकत व्हती बिचारी. सगळ्या घरात सारवण, हितंच तेवडी भुसभुशीत." ती उठली. "पन लय कोरडी हाय. उकरंल तितकी ढासळंल. पानी शिपडा थोडं. आनि बाजूला व्हा, आडलेल्या बाईच्या समोर असं कुनी बसतंय व्हय?"

तात्यांनी गळती उतरवली आणि कुलूप घातल्यापासून पहिल्यांदा त्या खोलीत पाऊल टाकलं. पाणी त्यांनी नेमकं खड्ड्याभोवती शिंपडलं. मग बाहेर आले आणि माजघरात येरझाऱ्या घालायला लागले. दर थोड्या वेळानं विचारायचे, "चांगुणे, किती वेळ लागेल?"

"लागंल तितका लागंल. बसा तुमी."

ते बसले नाहीत. जेवलेही नाहीत. दुपार कलताना रावसाहेब, म्हणजे रावसाहेबीण, शेपटीकडून खड्ड्यात उतरली. चांगुणा दारातून मोजत होती. शेंगदाण्याएवढी पांढरी अंडी, एकोणीसपर्यंत मोजता आली. ऊन उतरेपर्यंत तिनं सगळी माती परत ओढली, पायांनी चेपली, आणि तिथंच पडून राहिली. तात्यांनी तिला ओंजळीत उचलून जास्वंदीवर ठेवलं, बोट ओलं करून थेंब थेंब तोंडाशी धरला. बऱ्याच वेळानं जीभ हलली. पायांकडून थोडा हिरवा रंग परत आला.

"जगंल," चांगुणा म्हणाली. "आता खायला घाला भरपूर."

ती निघाली, तसे तात्या म्हणाले, "थांब."

ती थांबली.

"तुझ्यामुळं गेली, असं मी गावभर सांगितलं."

"ठावं हाय मला."

"तू निदान जवळ होतीस. मी नव्हतो. निरोप आला होता मला आदल्या दिवशी. म्हटलं, एवढं गाव टोचून संपवतो, मग निघतो."

तात्यांची नजर जमिनीवर होती.

"मुलगी होती ना?"

"व्हय."

"रडली होती?"

"रडली की. चांगली खनखनीत. जावळ काळंभोर. घटकाभर व्हती. तिच्या आईनं घेटली व्हती जवळ."

"तिनं बघितलं तिला?"

"बघितलं. हसली."

तात्यांनी मान हलवली. मग घाईघाईनं, "बस, चहा ठेवतो," म्हणून स्वयंपाकघरात गेले. आम्ही दोघं पडवीत बसून राहिलो. ना भांड्याचा आवाज, ना धूर. मी डोकावलो. न पेटवलेल्या चुलीसमोर ते पाठमोरे उभे होते, हातात रिकामं पातेलं.

मी आत जायला निघालो, तशी चांगुणानं माझी बाही धरली.

"बसा मास्तर," ती हळूच म्हणाली. "त्यांस्नी जरा उभं ऱ्हाऊ द्या."