अगदी बरोबर घड्याळ

हॉलमधलं जुनं घड्याळ खिळ्यावरून उतरवताना डॉक्टरांच्या चेहऱ्यावर अवघड अक्कलदाढ काढल्यानंतरचं समाधान होतं. पेशाने ते दातांचे डॉक्टर, पण त्यांचा जीव सगळा सर्किटांत अडकलेला. दवाखाना बंद झाला की ते मागच्या खोलीत सोल्डरिंगची बंदूक तापवून बसत आणि दिवसभर ज्या भिंगातून लोकांच्या दाढा पाहिल्या, त्याच भिंगातून मायक्रोकंट्रोलरचे पाय न्याहाळत.

या छंदाचे चटके घरादाराने सोसले होते. कुंड्यांना आपोआप पाणी घालणारं यंत्र रात्रभर चपलांच्या कपाटाला पाणी घालत बसलं होतं. टाळी वाजवली की लागणारा दिवा टाळीला दाद देत नसे, पण अप्पांच्या खोकल्याला न चुकता लागे. अप्पा म्हणजे डॉक्टरांचे वडील. त्यांनी त्या हिवाळ्यात खोकायची धास्तीच घेतली होती. शेवटी डॉक्टरांच्या पत्नीने निकाल दिला. त्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका. सगळी शाळा त्यांना मोठ्या बाई म्हणे आणि घरातही तेच नाव रुळलं होतं.

"हॉलमध्ये तुमची एकच वस्तू लागेल आणि एकच संधी मिळेल," त्या म्हणाल्या होत्या. "त्यात घोळ झाला, तर त्या बंदुकीसकट सगळी खोली भंगारात."

त्या एका संधीसाठी डॉक्टरांनी घड्याळ केलं. काळ्या तबकडीवर ठसठशीत आकडे, भोवती छोट्या दिव्यांचं कडं, सेकंदासेकंदाला एक दिवा पुढे सरकणारा. खरं सांगायचं तर दिसायला देखणं होतं.

"किती पुढे आहे?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"कशाच्या पुढे?"

"अहो, जुनं होतं तेवढंच पुढे ठेवलंय ना?"

"अगं, हे इंटरनेटवरून वेळ घेतं. पुढे नाही, मागे नाही. सेकंदाचा फरक सापडला तर नाव बदलेन."

"बरं," मोठ्या बाई म्हणाल्या. पहिलीतल्या मुलाने हत्ती म्हणून बटाटा काढून आणला की त्या असंच 'बरं' म्हणत.

जुनं घड्याळ पुढे होतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं. उशीर होऊ नये म्हणून कधीकाळी कोणीतरी ते पुढे केलं होतं आणि तेव्हापासून प्रत्येक जण त्याच्याकडे बघून मनातल्या मनात वजाबाकी करत आला होता. मोबाइल प्रत्येकाजवळ होता, पण सकाळच्या धांदलीत मान वर व्हायची ती भिंतीकडेच. एकटे डॉक्टर वजाबाकी करत नसत, कारण ते गेल्याशिवाय दवाखाना उघडतच नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या बाईंनी घड्याळ पाहिलं आणि अजून हातात वेळ आहे म्हणून निवांत केस विंचरले. अप्पांनी घड्याळ पाहिलं आणि दुसरा चहा मागितला. चिऊने, म्हणजे कॉलेजात जाणाऱ्या मुलीने, घड्याळ पाहिलं आणि पुन्हा पांघरूण ओढलं. नवं घड्याळ बरोबर आहे हे तिघांनी कानांनी ऐकलं होतं. डोळ्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

चिऊची बस गेली. वाचनालयात अप्पा पोचले तेव्हा निवृत्त पोस्टमास्तरांनी शब्दकोडं पेनाने सोडवून टाकलं होतं. पण खरा अनर्थ शाळेच्या फाटकाशी झाला. घंटा झाली की फाटक बंद, मग येणारा कोणीही असो, हा मोठ्या बाईंचाच नियम. त्या पोचल्या तेव्हा फाटक बंद होतं आणि आत शिपाई घामाघूम उभा होता.

"बाई, उघडू का?"

"नियम कोणी केला?"

"तुम्ही."

"मग?"

"मग... नाही उघडत," शिपाई म्हणाला आणि त्याने डोळे मिटून घेतले.

बाहेर उशिरा आलेल्या मुलांची रांग होती. मुलांनी आदराने सरकून बाईंना जागा करून दिली. एका मुलीने तर हळूच विचारलं, "बाई, तुम्हाला पण आईने उठवलं नाही?"

संध्याकाळी घरात कोर्ट भरलं. डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग, नवऱ्याने कधीही उच्चारू नये असं वाक्य उच्चारलं.

"घड्याळ बरोबरच होतं. चुकलात तुम्ही."

मग मोठ्या बाई म्हणाल्या, "उद्यापासून ते पूर्वीसारखं पुढे हवं."

"पूर्वीसारखं म्हणजे किती?"

"दहा मिनिटं."

"पंधरा," अप्पा म्हणाले.

"वीस होतं ना?" चिऊने विचारलं.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. इतकी वर्षं एका छपराखाली राहून प्रत्येकाची वजाबाकी वेगळी होती.

"तरीच मला रोज बसमागे पळावं लागायचं!" चिऊ ओरडली.

"म्हणजे पोस्टमास्तर वाचनालय उघडायच्या आधी खिडकीतून आत शिरत नव्हते?" अप्पा खजील होऊन म्हणाले. "मी त्यांना चारचौघांत बोललो हो."

खरं काय ते जुन्या घड्याळाला विचारावं, तर त्याचा सेल डॉक्टरांनी काढून टीव्हीच्या रिमोटला घातलेला. अखेर मोठ्या बाईंचा आकडा मान्य झाला, कारण घरात त्यांचाच आकडा मान्य होत असे. खरी वेळ लपवायची म्हणजे डॉक्टरांच्या जिवावर आलं, तरी त्यांनी प्रोग्रॅममध्ये दहा मिनिटं वाढवली.

त्याने प्रकरण मिटावं ना! पूर्वी ती मिनिटं अंदाजाची होती, मनात थोडी धाकधूक असायची. आता ती जाहीर झाली आणि सगळ्यांनी ती पुरेपूर वसूल केली. अप्पांनी त्यात चष्मा शोधला, चिऊने इस्त्री केली, मोठ्या बाईंनी कुंड्यांना पाणी घातलं. फाटक लागता लागता त्या आत घुसल्या खऱ्या, पण पर्सचा पट्टा फाटकात अडकला आणि सबंध प्रार्थना होईपर्यंत शिपाई तो सोडवत होता.

"रविवारी भंगारवाला येतो," त्या घरी येऊन म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, म्हणून तर डॉक्टर घाबरले. "खोकं भरून ठेवा."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांचं कामात लक्ष नव्हतं. ती खोली गेली तर संध्याकाळी करायचं काय? पुन्हा लोकांच्या दाढाच आठवत बसायचं? समोर एक गृहस्थ आ वासून खुर्चीत पडले होते. डॉक्टरांनी सवयीने 'थोडंच राहिलंय' म्हटलं आणि गृहस्थ मुकाट पडून राहिले. आणि डॉक्टरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पेशंटला 'पाच मिनिटं' सांगितलं की तो चौथ्या मिनिटाला चुळबुळ करतो. 'थोडंच' म्हटलं की बिचारा गप्प राहतो, कारण थोडं म्हणजे किती ते त्याला कळत नाही!

घरी येऊन त्यांनी प्रोग्रॅम बदलला. आता घड्याळ रोज पहाटे स्वतःच ठरवणार होतं की आज किती पुढे राहायचं. कधी नावाला, कधी चांगलं घसघशीत. डॉक्टरांनाही ते सांगणार नव्हतं.

"किती पुढे ठेवलंय?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"थोडं."

"थोडं म्हणजे?"

"थोडंच," डॉक्टर म्हणाले आणि हात धुवायला पळाले.

दुसऱ्या दिवसापासून घरातली वजाबाकी बंद पडली. अप्पांनी एकदा पंधरा मिनिटं वजा करून पाहिली आणि पुन्हा पोस्टमास्तरांनी आधीच सोडवलेलं कोडं बघत बसले. तेव्हापासून ते घड्याळाकडे पाहिलं की थेट चपला शोधू लागले. चिऊ कोणी आरडाओरडा न करताच उठू लागली. डॉक्टर मात्र खोकं भरत राहिले. वायरी, बोर्ड, न लागणारे दिवे, सगळं त्यांनी पेशंटचे दात जपावेत तसं कापसात ठेवलं.

रविवारी गल्लीतून भंगारवाल्याची हाक आली. मोठ्या बाई गॅलरीत गेल्या. डॉक्टर खोकं पोटाशी धरून हॉलमध्ये उभे राहिले.

"आज काही नाही!" बाईंनी खाली ओरडून सांगितलं आणि आत येऊन म्हणाल्या, "ठेवा ते खाली. घड्याळात काय केलंयत ते मला कळलंय."

"कधी कळलं?"

"पहिल्या दोन दिवसांतच. मोबाइलशी ताडून पाहिलं. एक दिवस जेमतेम पुढे, एक दिवस भलतंच पुढे. मुलांच्या बनवाबनव्या पकडण्यात जन्म गेला माझा."

डॉक्टरांची मान खाली गेली. "आत्ता बरोबर करून देतो. एक ओळ पुसायची फक्त."

"खबरदार!" मोठ्या बाई म्हणाल्या. मग खुर्चीत बसल्या आणि त्यांचा आवाज शाळेतला राहिला नाही. "अहो, सगळे वेळेआधी तयार होऊन टेबलाशी येऊन बसतायत. करायला काही नसतं, म्हणून बोलतात. परवा चिऊ माझ्याजवळ बसून चहा संपेपर्यंत बोलत होती. तिला ते कॉलेज आवडत नाही, हे मला परवा कळलं. तिने ते आपणहून सांगितलं, किती बरं वाटलं मला. बरोबर वेळ मला शाळेत रोज मिळते. घरात नको."

डॉक्टरांनी खोकं खाली ठेवलं. त्यांना हायसं वाटलं होतं आणि थोडं अपमानितही. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून सेकंदाचीही चूक न करणारी एकच वस्तू घडली होती आणि ती चुकीची वेळ दाखवते म्हणून भिंतीवर राहणार होती.